नव्या खात्यास जामीन कोण?

नगर जिल्ह्यांतील एका बाजारपेठेच्या गांवाहून एका किराणा व्यापाऱ्यानें आम्हांस पत्र धाडलें आहे. पत्र खासगी असल्यामुळें गांवाचें व गृहस्थांचें नांव आम्ही सांगत नाहीं. परंतु त्यांतील प्रश्न खासगी नाहीं, आणि तो जाहीरपणें चर्चेस घेण्यास पत्रलेखकाची संमति आहे. ह्या गृहस्थांच्या दुकानीं बारा वर्षें कीर्द-खतावणी लिहिणारा एक दिवाणजी आहे. हिशेबांत तरबेज, अक्षर मोत्यासारखें, पण दारूच्या आहारीं गेलेला. दोन वर्षांपूर्वीं एका शेजाऱ्यानें त्यास रविवारच्या ख्रिस्ती उपासनेस नेलें, पुढें तो आपण होऊन जाऊं लागला, दारू सुटली, आतां त्याचा बाप्तिस्मा घेण्याचा निश्चय झाला आहे. तो घेण्यापूर्वीं एके दिवशीं दुकान बंद झाल्यावर तो धन्यापुढें येऊन उभा राहिला आणि त्यानें सांगितलें कीं, चार वर्षांपूर्वीं दिवाळीच्या गर्दींत उधारीच्या वसुलींतील कांहीं रक्कम आपण कीर्दींत न मांडतां खिशांत घातली. तें साल केव्हांच मिटलें होतें; कोणास संशयही नव्हता. धन्यानें विचारलें, "मग आज कां सांगतोस?" तो म्हणाला, "हें पोटांत ठेवून मला पाण्यांत उतरतां येत नाहीं."

पत्रलेखक विचारतात: "ह्यास मीं ठेवावें कीं काढावें? त्याच्या भावांनीं त्यास घराबाहेर काढलें आहे. बाजारांतले लोक म्हणतात, आधीं चोरी, वर धर्म सोडला. असला मनुष्य गल्ल्याजवळ कशास बसवितां? आणि त्यांच्याच चर्चमधील एका वजनदार सभासदास मीं एकांतीं विचारलें, तेव्हां ते म्हणाले, 'आम्हीही जरा सांभाळूनच आहों.'"

ह्या शेवटच्या वाक्यानें आम्हांस हा लेख लिहावयास लाविलें आहे.

आमच्या वाचकांपैकीं जे व्यापारी आहेत त्यांस नवी चोपडी म्हणजे काय हें सांगावयास नको. दिवाळींत तिची पूजा होते, कुंकवाचें स्वस्तिक निघतें, पहिल्या पानावर 'श्री' पडते. सगळें कसें कोरें आणि मंगल दिसतें. परंतु दुसरें पान उलटलें कीं तेथें 'मागील बाकी' हजर असते. जुनी चोपडी फाडून नवी उघडणारा व्यापारी आम्ही अद्याप पाहिला नाहीं, आणि पाहिला तर त्याशीं उधारीचा व्यवहार करूं नये असें वकील ह्या नात्यानें आम्ही सांगूं. ख्रिस्ती धर्माचें म्हणणें असें कीं, पश्चात्ताप पावलेल्या मनुष्याची मागील बाकी ईश्वराच्या दफ्तरीं ख्रिस्ताच्या योगें मिटलेली असते. आम्ही स्वतः ख्रिस्ती नाहीं, आणि ईश्वराचें दफ्तर तपासण्याचा अधिकार आम्हांस कोणीं दिलेला नाहीं. तो विषय आम्ही त्या धर्माच्या पंडितांकडे सोंपवितों. आमचा प्रश्न अलीकडच्या तीरावरचा आहे. पाण्यांतून वर आलेल्या मनुष्याचें धन्याशीं, भावाशीं, बायकोशीं आणि ज्या मंडळींत तो शिरला तिच्याशीं जें खातें आहे तें पाण्यानें धुऊन निघत नाहीं. तेथें त्याची पत गेलेलीच असते. गेलेल्या पतीच्या मनुष्यास पुन्हां व्यवहार करावयाचा असेल तर बाजारांत त्यास एकच उपाय ठाऊक आहे: जामीन आणणें.

जामीन म्हणजे शिफारसपत्र नव्हे. सन १८७२ च्या करारकायद्याचें १२८ वें कलम सांगतें कीं, कराराने निराळें ठरलें नसेल तर जामिनाची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. ऋणको चुकला तर "आम्ही सांभाळूनच होतों" असें म्हणून जामिनास हात झटकतां येत नाहींत. हें तत्त्व आमच्या कायद्यानें विलायतेहून आणलें असेल. पण ख्रिस्ती लोकांच्या शास्त्रांत तें अठराशें वर्षें आधीं एका चिठ्ठींत लिहिलेलें आहे, आणि ती चिठ्ठी आम्हांस त्यांच्या पुष्कळ मोठ्या प्रकरणांपेक्षां अधिक आवडते.

फिलेमोन नांवाच्या एका सुखवस्तु गृहस्थाचा अनेसिम नांवाचा गुलाम त्यास सोडून निघून गेला. जातांना धन्याचें कांहीं नुकसानही त्यानें केलें असावें असें पत्राच्या ओघावरून दिसतें. पुढें तो बंदिवासांत असलेल्या पौलास भेटला व ख्रिस्ती झाला. पौलानें त्यास परत धन्याकडे पाठविलें, पण रिकाम्या हातीं नव्हे. त्याच्या हातीं पत्र दिलें: ह्यास आतां गुलाम म्हणून नव्हे, भाऊ म्हणून घ्यावें, ह्यानें तुमचें कांहीं बुडविलें असेल, किंवा हा कांहीं देणें लागत असेल, तर तें माझ्या खात्यावर मांडावें, मी फेडीन, आणि हें मीं माझ्या स्वतःच्या हातानें लिहिलें आहे. वाचकांनीं शेवटचा भाग नीट पाहावा. पौलाचीं इतर पत्रें पुष्कळ वेळां लेखकाकडून लिहविलेलीं असत. येथें मात्र तो आपल्या हातचा दस्तुर देतो. हा उपदेश नव्हे. हें जामीनखत आहे. आणि हा धडा पौलास तरी कोठें मिळाला? तो स्वतः मंडळीचा छळ करणारा शौल होता. मतांतर झाल्यावर तो यरुशलेमास आला तेव्हां तेथील शिष्य त्यास भिऊन दूर राहिले. त्याच्या नव्या जन्मावर कोणाचाही विश्वास बसेना. त्या वेळीं बर्णबा नांवाचा एक मनुष्य पुढें झाला, त्यानें त्याचा हात धरून त्यास प्रेषितांपुढें नेलें आणि त्याची हकीकत स्वतःच्या तोंडानें सांगितली. बर्णबा त्या दिवशीं घरींच बसला असता तर ख्रिस्ती धर्माचा इतिहास काय झाला असता, ह्याचा विचार त्या वजनदार सभासदांनीं करावा. तेही सर्व लोक "सांभाळूनच" होते.

आमच्या मतें ह्या विषयाचें मर्म एवढेंच आहे. नवा आरंभ करणाऱ्याची परीक्षा सगळे घेतात; पण तो ज्या मंडळींत शिरतो तिची परीक्षा कोणी घेत नाहीं. प्राचीन मंडळींत बाप्तिस्म्यापूर्वीं तीन तीन वर्षें शिक्षण देण्याचा प्रघात कोठें कोठें होता, आणि येणाऱ्यास आणणारांस 'हा कसा वागतो' ह्याची साक्ष द्यावी लागे. रोमन कॅथलिक पंथांत प्रौढांस दाखल करून घेण्याचा तो टप्प्याटप्प्यांचा विधि सन १९७२ मध्यें पुन्हां सुरू झाला, आणि पुनरुत्थानाच्या सणाच्या आदल्या रात्रीं जुने सभासदही आपल्या बाप्तिस्म्याचीं वचनें दर वर्षीं नव्यानें उच्चारतात. मेथॉडिस्ट पंथांत जॉन वेस्लीनें सन १७५५ मध्यें चालू केलेली 'कराराची उपासना' आहे. ती पुष्कळ ठिकाणीं नव्या वर्षाच्या आरंभीं होते. म्हणजे नवा आरंभ हा केवळ नवख्यानें करावयाचा नसून जुन्यांनींही तो दर सालीं करावयाचा आहे, हें ह्या लोकांच्या विधींस पक्कें ठाऊक आहे. अनेक चर्चांतून बाप्तिस्म्याच्या वेळीं सर्व मंडळीस विचारतात कीं, तुम्ही ह्यास आधार द्याल काय? आणि सर्व मंडळी मोठ्यानें "होय" म्हणते. तोंडीं करारही करारच असतो, हें आम्ही पक्षकारांस नेहमीं सांगत असतों. त्या "होय" बद्दल दावा लावण्याची सोय कायद्यांत असती तर पुष्कळ पाळकांस कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या असत्या. पहिल्या रविवारीं हार, साक्ष आणि छायाचित्र. सहाव्या महिन्यांत तोच मनुष्य शेवटच्या बाकावर एकटा, आणि वर्ष संपतांना तो आला नाहीं हेंही कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. दारू सोडलेल्या मनुष्यास संध्याकाळीं सहा ते नऊ हे तीन तास कोणाच्या तरी ओसरीवर बसावयास जागा लागते. ती ओसरी मिळाली नाहीं तर गुत्त्याचा रस्ता त्यास पाठ आहे.

हें आम्ही बाहेरच्या माणसाच्या छिद्रान्वेषी बुद्धीनें म्हणतों असें कोणास वाटल्यास त्यानें आमच्याच प्रांतांतील दोन थोर ख्रिस्ती माणसांचीं चरित्रें उघडून पाहावीं. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा विलायतेंत वाँटेज येथें सन १८८३ च्या सप्टेंबरांत झाला. बाईंनीं १९०७ सालीं आपली जी साक्ष प्रसिद्ध केली तींत त्या स्पष्ट म्हणतात कीं, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनीं आपल्यास कळलें कीं आपणांस ख्रिस्ती धर्म सांपडला होता, ख्रिस्त सांपडला नव्हता. आठ वर्षें! मधल्या काळांत त्यांस उपदेश करणारे पुष्कळ भेटले, आज्ञा करणारेही भेटले. आणि एका पुरोहितवर्गाचें जूं मानेवरून काढलें तें दुसऱ्या तसल्याच जुंवाखालीं मान घालण्यासाठीं नव्हे, अशा अर्थाचें त्यांनीं तिकडे लिहून कळविल्याचें त्यांच्या पत्रव्यवहारांत आहे. इकडे आमच्या पुण्याच्या वर्तमानपत्रांनीं शारदासदनाच्या वेळीं काय गजहब केला तो सर्वश्रुत आहे. त्यांत शंकेस जागा मुळींच नव्हती असें आम्ही म्हणत नाहीं, परंतु लेखणीस जी धार चढली ती शंकेच्या मानानें फार होती. पुढें दुष्काळांत अनाथ झालेल्या मुलीबाळींसाठीं केडगांवास 'मुक्ति' उभी राहिली, तेव्हां त्या बाईंनीं दुसऱ्यांस तें दिलें जें त्यांना स्वतःस सहजीं मिळालें नव्हतें: शिरतांक्षणींच काम, शिक्षण आणि शेजारीं बसणारें माणूस.

दुसरें चरित्र कवि नारायण वामन टिळक ह्यांचें. ह्या गृहस्थांचा बाप्तिस्मा ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस झाला. पत्नी लक्ष्मीबाई त्या वेळीं ख्रिस्ती झाल्या नाहींत. त्या कांहीं काळ पंढरपुरास आप्तांकडे राहिल्या. पुढें नवऱ्याकडे आल्या तरी आपला सोंवळ्याचा स्वयंपाक त्यांनीं वेगळा ठेविला. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० सालीं झाला. ह्या पांच वर्षांची हकीकत 'स्मृतिचित्रें' ह्या त्यांच्या आत्मचरित्रांत आहे. १९३४ पासून तें पुस्तक मराठी वाचकांच्या हातीं आहे, आणि ज्यांनीं तें वाचलें नसेल त्यांनीं हा लेख येथेंच ठेवून तें आणावें. आम्हांस राग येणार नाहीं. त्या पुस्तकांत आम्हांस विशेष वाटतें तें हें कीं, टिळकांसारखा तापट, उतावळा, घरचें सामान वाटून टाकणारा मनुष्य ह्या एका गोष्टींत मात्र बायकोवर जबरदस्ती करीत नाहीं. ती आपल्या सोंवळ्यासह त्याच्या घरांत राहते आणि आपल्या पायांनीं चालत येते. आधीं तिच्या मनांतला जातिभेद गळतो, मग बाप्तिस्मा होतो. क्रम उलटा नव्हे. घाई करून पंचवीस नांवें एका दिवशीं नोंदविणाऱ्या आजच्या कांहीं उत्साही उपदेशकांनीं ह्या क्रमाकडे पाहावें.

टिळकांचें घर म्हणजे अशी ओसरी होती कीं जेथें येणाऱ्यास आधीं जेवावयास वाढीत व मग नांव विचारीत. त्र्यंबक बापूजी ठोमरे, ज्यांस महाराष्ट्र बालकवि म्हणून ओळखतो, ते ह्याच घरीं मुलासारखे राहिले. ते ख्रिस्ती झाले नाहींत, आणि त्यामुळें त्यांच्या पानांतलें कांहीं कमी झालें नाहीं. आणि टिळक स्वतः? मिशनच्या पगारावर बावीस वर्षें राहून १९१७ सालीं त्यांनीं तो पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' मांडला. त्यांत बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांसही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एका पंक्तीस जागा होती. पंचावन्न वर्षांचा, प्रकृति ढासळलेला, नांवलौकिक मिळविलेला मनुष्य पुन्हां कोऱ्या पानावर 'श्री' काढतो, हें आम्हांस त्याच्या १८९५ च्या कृत्यापेक्षांही मोठें वाटतें. दोन वर्षांत ते वारले. दरबार त्यांच्यामागें फार दिवस टिकला नाहीं, पण त्यांचीं भजनें मराठी चर्चांतून अद्याप टाळमृदंगावर चालतात. धर्म बदलला म्हणजे देश बदलला, हें जें आमच्याकडील कित्येक देशभक्तांचें गृहीत आहे त्यास ह्याहून दुसरें उत्तर नको. तरी हवेंच असेल तर उस्मानाबादेस (आतांचें धाराशिव) २०२० सालीं भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षस्थानीं वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते, हें त्यांनीं आठवावें.

परंतु ओसरीची गोष्ट निघाली म्हणजे एक कटु गोष्ट बोलावीच लागते. ज्या मंडळींत येऊन मनुष्यानें नव्यानें जन्मावें तेथें त्याची जुनी जात त्याच्या आधीं येऊन बसलेली असते. गोव्यांत चार शतकांहून अधिक काळ ख्रिस्ती असलेल्या घराण्यांतून बामण, चारडो, सुदीर हे भेद सोयरिकीच्या वेळीं अजून विचारले जातात. दक्षिणेंत तामिळ मुलखांत एकाच दफनभूमींत भिंत घालून मेलेल्यांचीही जात राखल्याचीं उदाहरणें आहेत. आमच्या नगर-जालना भागांत भिंत दिसत नाहीं. पण अमुक आडनांवाचे लोक पुढच्या बाकांवर आणि अमुक वस्तीचे मागें, ही व्यवस्था ज्यास डोळे आहेत त्यास दिसते. पत्रांतील दिवाणजी कोणत्या जातीचा हें आम्हांस पत्रलेखकांनीं कळविलेलें नाहीं, आणि आम्हीं विचारलेलेंही नाहीं. परंतु त्या वजनदार सभासदांस तें नक्की ठाऊक असेल.

ह्या बाबतींत एकट्या चर्चलाच दोष देणें मात्र अन्यायाचें होईल, कारण सरकारही ह्या जुन्या नांवास चिकटून बसलें आहे. सन १९५० च्या अनुसूचित जातींविषयींच्या आदेशान्वयें हिंदु नसलेल्यास त्या वर्गांत गणलें जात नसे. १९५६ सालीं शिखांस व १९९० सालीं बौद्धांस त्यांत स्थान मिळालें. ख्रिस्ती व मुसलमान अद्याप बाहेर आहेत. तर्क असा कीं, ख्रिस्ती धर्मांत जात नाहीं, सबब ख्रिस्ती झालेल्याची जात गेली. कागदावर हा तर्क बिनतोड आहे. गांवच्या विहिरीवर तो कोणी ऐकत नाहीं. परिणाम असा होतो कीं, गरीब मनुष्य रविवारीं चर्चच्या वहींत एक नांव ठेवतो आणि सोमवारीं शाळेच्या व तहसिलीच्या वहींत दुसरें. ज्यानें आयुष्यांत प्रथमच खरें बोलण्याचा संकल्प सोडला त्यास, मुलाची शिष्यवृत्ति वांचवावयाची असेल तर, पहिल्याच आठवड्यांत खोटी सही करावी लागते. ह्यास नवा आरंभ म्हणावयाचें कीं दुहेरी वही? दुहेरी वही ठेवणाऱ्या व्यापाऱ्यास सरकार दंड करतें. येथें ती ठेवण्यास सरकारच भाग पाडतें. आदेशांतील ही धर्माची अट काढून, ज्याची अवनति जन्मानें झाली त्यास ती संपेपर्यंत आधार द्यावा, मग तो कोठेंही प्रार्थना करो, असें आमचें स्पष्ट मत आहे. ह्यामुळें धर्मांतराचा पूर लोटेल अशी ज्यांस भीति वाटते त्यांनीं आपलें घर इतकें राहण्याजोगें करावें कीं कोणास सोडून जावेंसें वाटूं नये.

आतां भावांकडे वळूं. त्यांनीं दिवाणजीस घराबाहेर काढलें व वडिलार्जित घरांत त्याचा हिस्सा उरला नाहीं असें ते सांगत फिरतात, असें पत्रांत आहे. त्यांचा वकील कोण तें आम्हांस ठाऊक नाहीं, पण सल्ला चुकला आहे. धर्म सोडला किंवा जातीबाहेर पडला म्हणून कोणाचाही मिळकतीवरील हक्क बुडूं नये, ह्यासाठीं सन १८५० चा २१ वा कायदा झाला तेव्हां बंगाल्यांत व मद्रासेंत मोठा आरडाओरडा झाला होता. पण तत्त्व तेव्हांपासून कायम झालें. सन १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यांतही धर्मांतर करणाराचा स्वतःचा वारसा बुडत नाहीं. धर्मांतरानंतर त्यास झालेलीं जीं मुलें वारसा उघडतांना हिंदु नसतील त्यांनाच मात्र हिंदु आप्तांच्या मिळकतीचा वारसा मिळत नाहीं. हा भेद भावांनीं लक्षांत ठेवावा आणि खोलीचें कुलूप काढावें. त्याच्या बायकोविषयीं पत्रांत एवढेंच आहे कीं ती माहेरीं गेली आहे. तिला कोणी ओढूंही नये आणि अडवूंही नये. लक्ष्मीबाईंस पांच वर्षें लागलीं. हिला दहा लागोत, किंवा ती आपल्या देव्हाऱ्यासह नवऱ्याच्या घरीं येऊन राहो.

कुलुपावरून आठवलें. सन १८४३ मध्यें मुंबईस नारायण शेषाद्रि नांवाच्या ब्राह्मण तरुणानें बाप्तिस्मा घेतला; त्याचा धाकटा भाऊ श्रीपति, जो अद्याप अज्ञान होता, पाद्र्यांच्या घरीं राहिला होता. बापानें कोर्टांत अर्ज केला व मुलगा परत मिळविला. मुलगा परत आला, पण जातीची दारें बंद! पाद्र्यांकडचें अन्न खाल्लें, तो आतां कशानेंही शुद्ध होणार नाहीं, असा पुष्कळांचा निकाल. मराठी वृत्तपत्रांचे आद्य जनक बाळशास्त्री जांभेकर त्या पोराच्या बाजूनें उभे राहिले, त्यास प्रायश्चित्त देऊन पंक्तीस घ्यावें म्हणून झगडले, आणि त्यापायीं स्वतः बहिष्काराचे धनी झाले. येणाऱ्यास दार बंद करणारे आणि जाणाऱ्यास शिव्या देणारे लोक एकच होते, ही मौज आहे. आणि हा रोग आमच्यांतच आहे असेंही नाहीं. रोमच्या डेसियस बादशहाच्या छळांत, इ. स. २५० च्या सुमारास, पुष्कळ ख्रिस्ती लोकांनीं जिवाच्या भीतीनें देवतांस बळी अर्पण केला, किंवा पैसे देऊन तसें प्रमाणपत्र मिळविलें; छळ ओसरल्यावर ते रडत परत आले. नोव्हेशियन म्हणाला, ह्यांस पुन्हां घेणें नाहीं. कार्थेजचा सिप्रियन म्हणाला, प्रायश्चित्त घेऊं द्या, वेळ लागूं द्या, पण दार उघडें असूं द्या. मंडळीनें शेवटीं सिप्रियनचें ऐकलें. मधूनच घसरून पुन्हां उठणाऱ्या मनुष्यास हें दार लागतें. दिवाणजी उद्यां एखादे दिवशीं गुत्त्याकडे वळलाच तर चर्चच्या वडील मंडळींस नोव्हेशियन व्हावयाचें कीं सिप्रियन, हें आजच ठरवून ठेवावें. त्या रात्रीं ठरविण्यास सवड नसते.

आमिषाची शंका बाजारांत निघालीच आहे, म्हणून दोन शब्द. अन्न, नोकरी किंवा औषध हातीं धरून कोणी धर्म विकीत असेल तर तो व्यापार लाजिरवाणा आहे, आणि घेणाऱ्यापेक्षां विकणारा अधिक दोषी आहे. परंतु ह्या प्रकरणांत मनुष्यानें मिळविलें काय? घर गेलें, बायको माहेरीं गेली, बाजारांत नांव गेलें, आणि जो दावा जगांत दुसऱ्या कोणास ठाऊक नव्हता तो त्यानें आपल्या हातानें धन्यास नेऊन दिला. मुदतीच्या कायद्यांत फसवणुकीनें झांकलेल्या रकमेची मुदत ती उघडकीस आल्या दिवसापासून चालूं लागते. म्हणजे चार वर्षांचें जुनें येणें त्यानें आपल्याविरुद्ध आज ताजें करून दिलें आहे. असा आमिषाला भुललेला मनुष्य आमच्या पाहण्यांत दुसरा नाहीं.

तेव्हां पत्रलेखकांस आमचें उत्तर: ठेवावें. मात्र दयेनें ठेवूं नये, हिशेबानें ठेवावें. शुभवर्तमानांत यरीहोच्या जक्कयाची गोष्ट आहे. हा जकातदारांचा नायक येशूचें घरीं आनंदानें स्वागत करतो आणि उभा राहून सांगतो कीं, अर्धी मिळकत गरिबांस देईन आणि कोणाचें अन्यायानें घेतलें असेल तर चौपट परत करीन. दिवाणजीस चौपट देववणार नाहीं, आणि आपणही मागूं नये. पण मुद्दल पुरतें घ्यावें. तें सोडून देण्याचा मोठेपणा कृपा करून दाखवूं नये. तसें केल्यानें तो आपला आश्रित होईल, ऋणमुक्त होणार नाहीं. त्याच्या संमतीनें रक्कम ठरवावी, तिचें स्वतंत्र खातें खतावणींत घालावें, आणि तें खातें त्याच्याच मोत्यासारख्या अक्षरांत त्यासच लिहूं द्यावें. दरमहा झेपेल तेवढा हप्ता पगारांतून वळता करावा व दर हप्त्याची पावती द्यावी. गल्ल्याची किल्ली तूर्त आपल्याजवळ ठेवावी. त्यांत त्याचा अपमान नाहीं, उलट मोह आणि संशय ह्या दोहोंपासून बचाव आहे. फिर्यादीचा विचार सोडावा.

आणि एक काम आणखी करावें. येत्या रविवारीं उपासना संपण्याच्या वेळीं आपण स्वतः त्या चर्चच्या दाराशीं जावें, त्या वजनदार सभासदांस गांठावें, आणि ह्या खात्यास जामीन म्हणून त्यांची सही मागावी. ते देणार नाहींत असें वाटल्यास फिलेमोनास लिहिलेलें पत्र बरोबर न्यावें. तें एका पानाचें आहे, दारांत उभ्या उभ्या वाचून होतें.